आपल्या हातचे शुभेच्छापत्र

[बाजारात हवी तेवढी छापील शुभेच्छापत्रे मिळतात. मग ती हाताने कशासाठी करायची? प्रस्तुत पाठात लेखकाने लहानपणीच्या एका प्रसंगातून या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. त्याचबरोबर कागद, कातर आणि डिंक यांच्या साहाय्याने शुभेच्छापत्र कसे तयार करावे, हेही सोप्या भाषेत समजावून सांगितले आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, ईद जवळ आली की घरातल्या मोबाइलवर चंद्रकोरीची चित्रे येऊ लागतात. एकच चित्र दहा जणांकडून येते. तुम्हीही ते पुढे दहा जणांना पाठवता. चार दिवसांनी मोबाइलमध्ये जागा उरत नाही, म्हणून ती सगळी चित्रे पुसून टाकता. त्यांतले कोणते चित्र कोणी पाठवले होते, हे तुम्हांला आठवते का? बहुधा नाही.

मला मात्र एका कार्डाची गोष्ट चांगली आठवते. ते कार्ड मी स्वतः केले होते. ते फार सुंदर होते असे नाही. त्यात एक चूकही होती. पण ती चूक मी आजवर विसरलो नाही.

ही गोष्ट २००४ सालची आहे. तेव्हा मी भिवंडीच्या एका उर्दू शाळेत आठवीत होतो. आम्ही चाळीत राहत होतो. शेजारच्या खोलीत एक काका आणि काकू राहत. दर दिवाळीला काकूंकडून फराळाचे ताट येई. त्यात लाडू, करंज्या, चकल्या आणि चिवड्याची वाटी असे. रमजान ईदच्या दिवशी त्याच ताटात शीरखुर्म्याचा वाडगा ठेवून अम्मी ते परत पाठवी. ताट रिकामे परत करायचे नाही, असा दोन्ही घरांचा नियम होता.

त्या वर्षी गणपतीनंतर काका वारले. नोव्हेंबर महिन्यात दिवाळी आणि ईद दोन-चार दिवसांच्या अंतराने आल्या. दिवाळी आली, पण काकूंच्या दारावर आकाशकंदील लागला नाही. ताटही आले नाही. पलीकडच्या खोलीतल्या ताईंनी अम्मीला सांगितले, "ज्या घरात दुःख झालेले असते, तिथे त्या वर्षी फराळ करत नाहीत. शेजाऱ्यांनीच त्यांच्याकडे काहीतरी नेऊन द्यायचे असते."

अम्मी म्हणाली, "मग आपला शीरखुर्मा जाईलच. पण नुसता वाडगा ठेवून येऊ नकोस. सोबत दोन शब्द लिहून ने. काकू मराठी वाचतात आणि मला मराठी लिहिता येत नाही. तू शाळेत शिकतोस ना?"

मी साठवलेले पैसे घेऊन दुकानात गेलो. तिथे एका फिरत्या स्टँडवर शंभर तरी कार्डे होती. कुणावर दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा होत्या, कुणावर ईद मुबारक होते, कुणावर वाढदिवसाचा केक होता. सगळी कार्डे आनंदी होती. मी स्टँड दोनदा फिरवून पाहिला. काकूंना देता येईल असे एकही कार्ड मला सापडले नाही. आणि ते असणार तरी कसे? काका गेले आहेत, यंदा ताट आले नाही, हे कार्डे छापणाऱ्याला कुठून ठाऊक असणार? मी एक जाड पांढरा कागद विकत घेतला आणि घरी आलो.

मित्रांनो, शुभेच्छापत्र हाताने का करायचे, याचे उत्तर मला त्या दुकानात मिळाले. छापील कार्ड हजार माणसांसाठी असते. आपण केलेले कार्ड एकाच माणसासाठी असते.

छापील कार्ड कसे आले?

नाताळच्या छापील शुभेच्छापत्राचा जन्मच मुळी वेळ वाचवण्यासाठी झाला. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत देशभर कुठेही पत्र पाठवण्याची सोय झाली आणि लोक भराभर पत्रे लिहू लागले. लंडनच्या हेन्री कोल या गृहस्थांना सर्वांना वेगवेगळी पत्रे लिहिण्यास सवड नव्हती. म्हणून १८४३ साली त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले आणि त्याच्या सुमारे एक हजार प्रती छापल्या. हेच नाताळचे पहिले छापील कार्ड मानले जाते. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लाहोर, दिल्ली आणि मुंबई येथे छापलेली ईदकार्डे विकली जाऊ लागली.

छापील कार्डामुळे वेळ वाचतो. हाताने केलेल्या कार्डात आपण आपला वेळ दुसऱ्याला देतो. दोन्हींतला खरा फरक हाच आहे.

कागद ओळखा

आता पुन्हा माझ्या गोष्टीकडे वळू. घरी येऊन मी तो जाड कागद मधोमध दुमडला. दुमडताच घडीवर कागद फाटल्यासारखा झाला आणि आतले तंतू बाहेर दिसू लागले. मग एक चौकोनी रंगीत कागद त्यावर चिकटवला. डिंक इतका जास्त झाला, की सगळे कार्ड पापडासारखे वाकडे झाले. मी रडकुंडीला आलो.

आमच्या गल्लीच्या टोकाला पुस्तकांची बांधणी करणारे एक चाचा बसत. उर्दू आणि मराठी, दोन्ही पुस्तके त्यांच्याकडे बांधणीला येत. मी ते वाकडे कार्ड त्यांना दाखवले. ते हसले आणि म्हणाले, "बेटा, चूक तुझ्या हाताची नाही. तू कागदाला विचारलेच नाहीस, की तुला कोणत्या बाजूने वाकायला आवडते!"

कागदाला विचारायचे म्हणजे काय? कागद हा लाखो बारीक तंतूंचा बनलेला असतो. यंत्रावर कागद तयार होताना बहुतेक तंतू एकाच दिशेने, म्हणजे यंत्र ज्या दिशेने चालते त्या दिशेने, पडतात. त्या दिशेला समांतर अशी घडी घातली तर ती सरळ आणि स्वच्छ पडते. तंतूंना आडवी घडी घातली तर तंतू मोडतात आणि कागद तडकतो.

ही दिशा ओळखणे सोपे आहे. कागद न दुमडता आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, ती त्याची घडीची बाजू. दुसरी खूण अशी, की वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटते आणि दुसऱ्या दिशेने वेडेवाकडे फाटते. सरळ फाटते ती तंतूंची दिशा समजावी. आजच घरी जुने वर्तमानपत्र घेऊन हा प्रयोग करून पाहा.

हातकागदात तंतू सगळीकडे पसरलेले असतात, त्यामुळे त्याला अशी ठळक दिशा नसते. हातकागदाचे एक जुने गाव आपल्याच महाराष्ट्रात आहे. दौलताबादजवळच्या या गावाचे नाव कागजीपुरा. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ साली दौलताबादला राजधानी केली, तेव्हा आलेले कागद करणारे कारागीर इथे वसले, असे परंपरा सांगते. चिंध्या कुटून त्यांचा लगदा करायचा, तो पाण्यात कालवायचा, जाळीवर त्याचा पातळ थर उचलून घ्यायचा आणि वाळवायचा, अशी ही पद्धत. पूर्वी वाळलेल्या कागदाला खळ लावून तो गुळगुळीत दगडाने घोटत, म्हणजे त्यावर शाई पसरत नसे.

'कागद' हा मराठी शब्दही फार्सीतल्या 'काग़ज़' शब्दावरून आला आहे. शाई, दौत, कलम, लिफाफा हे शब्द असेच फार्सी-अरबीतून मराठीत आले. म्हणजे कार्ड करायला बसताना तुमच्यासमोर ठेवलेल्या निम्म्या वस्तूंची नावे तुम्हांला आधीपासूनच येतात!

साहित्य

कार्डासाठी महागडी साधने लागत नाहीत. ए-फोर आकाराचा जाड कागद म्हणजे कार्डशीट, रंगीत घोटीव कागद, पतंगी कागद, पेन्सिल, धातूची पट्टी, गुण्या, कातर, कटर, जाड पुठ्ठा, डिंक, जुनी वर्तमानपत्रे आणि शाई संपलेले एक बॉलपेन, एवढे पुरे. फुलांच्या आकाराची छिद्रे पाडणारे पंच आणि नागमोडी कापणाऱ्या कातरी बाजारात मिळतात. त्या असल्या तर चांगले, नसल्या तरी काही अडत नाही.

कटर वापरताना तीन नियम पाळा. खाली नेहमी पुठ्ठा ठेवा. पट्टी धातूचीच घ्या, कारण प्लॅस्टिकची पट्टी पात्याने सोलून निघते. आणि पट्टी धरणारी बोटे पात्याच्या वाटेत कधीही येऊ देऊ नका. एकाच जोरकस कापात कागद कापण्याची घाई करू नका. हलक्या हाताने दोन-तीनदा पाते फिरवा. घरातले मोठे माणूस जवळ असतानाच कटर हातात घ्या.

कृती

१. माप : ए-फोर कागद २१ सेंमी रुंद आणि २९.७ सेंमी लांब असतो. त्याचे लांबीच्या मधोमध दोन तुकडे केले की १४.८ सेंमी × २१ सेंमीचे दोन कागद मिळतात. त्यांतला एक मधोमध दुमडला की १०.५ सेंमी × १४.८ सेंमीचे कार्ड तयार होते. म्हणजे एका ए-फोर कागदातून दोन कार्डे होतात.

२. घडी : जाड कागद कधीही एकदम दुमडू नये. आधी घडीची रेघ पाडावी. घडीच्या जागी पट्टी ठेवा आणि शाई संपलेल्या बॉलपेनचे टोक दाबून एक रेघ ओढा. कागद कापला जात नाही. तिथे फक्त एक खाच पडते. ही खाच कार्डाच्या बाहेरच्या बाजूला असावी. मग दुसऱ्या बाजूचा उंचवटा घडीच्या आत जातो आणि बाहेरची कड तडकत नाही. शेवटी घडीवर वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून चमच्याच्या पाठीने ती घासा.

३. घडी कोणत्या हाताला? : ही गोष्ट आपण उर्दू माध्यमाच्या मुलांनी विशेष लक्षात ठेवावी. मी नवे कार्ड घेऊन चाचांकडे गेलो. घडी छान पडली होती. त्यांनी विचारले, "हे कुणाला द्यायचे?" मी म्हणालो, "शेजारच्या काकूंना." ते म्हणाले, "काकू मराठी वाचतात ना? मग तुझे कार्ड उलटे आहे." खरेच होते. मी सवयीप्रमाणे घडी उजव्या हाताला ठेवून समोरच्या बाजूवर फूल काढले होते. उर्दू पुस्तक उजवीकडे बांधलेले असते. मराठी पुस्तक डावीकडे बांधलेले असते. काकूंनी ते कार्ड मराठी पुस्तकासारखे धरले असते, तर कोरी पाठ आधी दिसली असती. म्हणून कार्ड करण्यापूर्वी ते कोण वाचणार आहे, हे आधी ठरवा. एकाच कार्डात मराठी आणि उर्दू दोन्ही लिहायचे असेल, तर घडी वरच्या बाजूला ठेवा. मग कुणालाच ते उलटे वाटणार नाही.

४. जाळी : आता मुखपृष्ठ सजवू. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) बीबी का मकबऱ्यात कबरीभोवती संगमरवराची नक्षीदार जाळी आहे. अशी जाळी कागदाचीही करता येते. पतंगी कागदाचा ८ सेंमी बाजूचा चौरस घ्या. तो एकदा मधोमध दुमडा, पुन्हा मधोमध दुमडून लहान चौरस करा आणि मग कोपऱ्यावर कोपरा आणून त्रिकोण करा. दुमडताना मूळ चौरसाचा मध्य त्रिकोणाच्या टोकाशी येईल, असे पाहा. आता कागदाचे आठ थर झाले. त्रिकोणाच्या कडांना लहान त्रिकोण, अर्धवर्तुळे आणि पाकळ्या कापा. मात्र कुठलीही कड पूर्ण कापून टाकू नका, नाहीतर जाळी सुटी होईल. अलगद उलगडा. एका कापातून अनेक सारखे आकार झालेले दिसतील. भूमितीत शिकलेली सममिती ती हीच.

५. चंद्रकोर : ईदच्या कार्डासाठी चंद्रकोर हवी असेल तर कंपासही लागत नाही. घोटीव कागदावर बांगडी ठेवून तिच्याभोवती पेन्सिल फिरवा. मग तीच बांगडी एक-दीड सेंमी सरकवून पुन्हा फिरवा. दोन वर्तुळांच्या मधला भाग म्हणजे चंद्रकोर. ती चिकटवताना एक लक्षात घ्या. ईदचा चंद्र मावळलेल्या सूर्याच्या बाजूने उजळलेला असतो. म्हणून आपल्याकडे त्याची फुगीर बाजू खाली क्षितिजाकडे आणि टोके वर दिसतात. पुढच्या वेळी चंद्र पाहाल, तेव्हा हे नीट पाहा.

६. उघडताच उभे राहणारे चित्र : यासाठी एक दुमडलेला साधा कागद घ्या. त्याच्या घडीवर, घडीला काटकोनात, एकमेकांपासून २ सेंमी अंतरावर दोन काप द्या. प्रत्येक काप ३ सेंमी लांब असावा. दोन कापांमधली पट्टी मागे-पुढे दुमडून घ्या. मग कागद अर्धवट उघडून ती पट्टी आत ढकला. एक पायरी तयार होईल. पायरीच्या पुढच्या बाजूवर चंद्र, पणती किंवा फूल चिकटवा. कार्ड मिटल्यावर पायरीचे टोक घडीपासून ६ सेंमीवर, म्हणजे कापाच्या दुप्पट अंतरावर, येते. कार्डाचे पान १०.५ सेंमीचे आहे. म्हणून चित्र पायरीच्या टोकापुढे ४ सेंमीपेक्षा जास्त येता कामा नये, नाहीतर ते मिटलेल्या कार्डाबाहेर डोकावेल. शेवटी हा कागद बाहेरच्या कार्डात चिकटवा, म्हणजे घडीवरचे भोक झाकले जाईल. मात्र पायरीच्या मागे डिंक लावू नका.

७. चिकटवणे : ओला झाला की कागदाचा तंतू लांबीत फारसा वाढत नाही, पण जाडीत फुगतो. म्हणून कागद तंतूंच्या आडव्या दिशेने ताणला जातो आणि वाळताना आखडतो. माझे पहिले कार्ड पापडासारखे झाले, ते यामुळेच. डिंक अगदी थोडा घ्या. तो लहान तुकड्याला लावा आणि मध्यापासून कडेकडे पसरा. चिकटवल्यावर वर कोरा कागद ठेवून घासा आणि कार्ड तीन-चार तास जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा. तोवर ते उचलून बघण्याचा मोह आवरा!

८. पाकीट : ए-फोर कागदातून २१ सेंमी बाजूचा चौरस कापा. कार्ड त्याच्या मध्यावर असे ठेवा, की कार्डाच्या चारही बाजू चौरसाच्या कोपऱ्यांकडे येतील. कार्डाभोवती किंचित मोकळी जागा सोडून आधी डावा आणि उजवा कोपरा आत दुमडा. मग खालचा कोपरा त्यांवर आणून चिकटवा. वरचा कोपरा झाकण म्हणून मोकळा ठेवा.

आत काय लिहावे?

खरे काम इथे सुरू होते. आधी पेन्सिलीने फिकट ओळी आखा. मराठी अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात. म्हणून अक्षराच्या डोक्यावरची ओळ सरळ असली पाहिजे. नस्तालीक लिपीत मात्र शब्द उजवीकडून डावीकडे उतरत येतात. दोन्ही लिपींसाठी बोरूचे टोक तिरपे छाटतात. आधी कच्च्या कागदावर मजकूर लिहा, मग कार्डावर उतरवा. शाई पूर्ण वाळल्यावरच पेन्सिलीच्या ओळी खोडा.

मजकूर लिहिताना 'हार्दिक शुभेच्छा' एवढ्यावर थांबू नका. त्या माणसाची आणि तुमची अशी एक तरी गोष्ट लिहा, जी दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही. आजोबांना लिहायचे असेल, तर त्यांनी शिकवलेल्या पतंगाच्या गाठीबद्दल लिहा. मित्राला लिहायचे असेल, तर त्याने उसन्या दिलेल्या वहीबद्दल लिहा.

मी काकूंना काय लिहावे, हे मला बराच वेळ सुचेना. शेवटी मी मनातले उर्दूत बोलत गेलो आणि मराठीत लिहीत गेलो. कार्डाच्या तोंडावर फक्त पांढऱ्या कागदाची एक जाळी होती. चंद्र नाही, पणती नाही. आत मी लिहिले होते :

"काकू, यंदा तुमच्याकडून ताट आले नाही, म्हणून आम्ही ताट आणले आहे. काका मला इंग्रजीचे स्पेलिंग विचारायचे, ते आठवते. आमचा घर तुमचा आहे."

ईदच्या दिवशी दुपारी मी शीरखुर्मा आणि कार्ड घेऊन गेलो. काकूंनी चष्मा लावला. पहिली दोन वाक्ये वाचून त्या काही बोलल्या नाहीत. पदराने डोळे पुसले. मला वाटले, माझे काहीतरी चुकले. मग त्यांनी तिसरे वाक्य वाचले आणि किंचित हसल्या. कित्येक दिवसांनी मी त्यांना हसताना पाहिले.

"अरे, घर म्हणजे 'ते' घर. 'आमचे घर तुमचे आहे' असे म्हण."

मी लाजलो. उर्दूत 'हमारा घर' म्हणतात, म्हणून मी 'आमचा घर' लिहिले होते. उर्दूत नपुसकलिंग नाही, मराठीत आहे. आमच्या गुरुजींनी हे दहा वेळा सांगितले होते. पण माझ्या लक्षात राहिले ते काकूंनी सांगितल्यावर. मी म्हणालो, "काकू, द्या, मी दुरुस्त करून आणतो." त्यांनी कार्ड पाकिटात ठेवले आणि म्हणाल्या, "नको. असेच राहू दे."

पुढच्या दिवाळीला काकूंकडून पुन्हा ताट आले. चिवड्याच्या वाटीखाली एक घडी घातलेला कागद होता. त्यावर काकूंच्या वळणदार अक्षरात एकच वाक्य होते : "आमचे घरही तुमचेच आहे." 'आमचे' या शब्दाखाली त्यांनी एक बारीक रेघ ओढली होती.

मित्रांनो, येत्या सणाला एक तरी कार्ड स्वतः करा. त्याची घडी थोडी वाकडी आली, अक्षर फारसे सुबक नसले, एखादा शब्द चुकला, तरी ते थांबवून ठेवू नका. दुसऱ्याची भाषा लिहिताना चुका होणारच. त्या भाषेत कुणाला तरी मनापासून काही सांगावेसे वाटले, तर चुका दुरुस्त करणारी माणसेही भेटतात.

शब्दार्थ

प्रसंग – घडलेली गोष्ट, वाक़िआ
तंतू – धागा, रेशा
घोटणे – घासून गुळगुळीत करणे
खाच – दाबून पडलेली खोलगट रेघ
उंचवटा – वर आलेला भाग
मुखपृष्ठ – पुढची बाजू, सरवरक़
सममिती – दोन्ही बाजू सारख्या असणे
बोरू – बारीक काडीची लेखणी, क़लम
सवड – मोकळा वेळ, फ़ुरसत

वाक्प्रचार

रडकुंडीला येणे – रडू येण्याच्या बेतात असणे
मोह आवरणे – इच्छेला आळा घालणे
काही न अडणे – कामात अडचण न येणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) दोन्ही घरांचा कोणता नियम होता?
(२) त्या वर्षी काकूंकडून फराळाचे ताट का आले नाही?
(३) नाताळचे पहिले छापील कार्ड कोणत्या साली निघाले?
(४) कागजीपुरा हे गाव कशासाठी प्रसिद्ध आहे?

प्र. २. कारणे लिहा.
(१) लेखकाला दुकानात हवे तसे कार्ड मिळाले नाही, कारण...
(२) लेखकाचे पहिले कार्ड वाकडे झाले, कारण...
(३) कटरने कापताना धातूची पट्टी वापरावी, कारण...
(४) बांधणीवाले चाचा कार्डाला 'उलटे' म्हणाले, कारण...

प्र. ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) कागदातील तंतूंची दिशा कशी ओळखावी?
(२) कार्डातील चूक दुरुस्त करायला काकूंनी 'नको' का म्हटले असेल? तुमच्या शब्दांत लिहा.
(३) काकूंनी 'आमचे' या शब्दाखाली रेघ का ओढली असावी?

प्र. ४. विचार करा. पायरीचे काप ४ सेंमी लांब घेतले, तर कार्ड मिटल्यावर पायरीचे टोक घडीपासून किती अंतरावर येईल? मग चित्र टोकापुढे किती सेंमी येऊ शकेल?

प्र. ५. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा. (माझा, माझी, माझे)
(१) ........ कागद  (२) ........ कातर  (३) ........ पाकीट
(४) ........ घडी  (५) ........ डिंक  (६) ........ घर  (७) ........ ताट

प्र. ६. पुढील वाक्ये शुद्ध करून लिहा.
(१) माझा कार्ड तयार झाला.
(२) तुमचा ताट मोठा आहे.
(३) हा पाकीट कोणाचा आहे?

उपक्रम : (१) मराठी बोलणारे तुमचे शेजारी, शिक्षक किंवा पोस्टमन यांच्यापैकी एकासाठी शुभेच्छापत्र तयार करा. आतील मजकूर तीन वाक्यांचा असावा. (२) फार्सी-अरबीतून मराठीत आलेले दहा शब्द शोधा आणि ते वर्गाच्या फलकावर लिहा.